साआन खाल्लेलं घर

१२ ऑक्टोबर

आज मेदेरबेकने माझ्या टेबलावर ताळेबंद ठेवला आणि हसत हसत म्हणाला, "एजे, यंदा इतिहास घडलाय. खाली सही करा." तो संघाचा अध्यक्ष, पण गावातल्या सगळ्यांसारखा मला एजे, थोरली ताई, म्हणतो. मी एकोणीस वर्षं याच टेबलावर बसून घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या, या संघाचे हिशोब लिहिते आहे, इतिहास घडला असता तर मला आधी कळलं असतं. चष्मा लावला. नफा बावीस लाख नव्वद हजार सोम.

माझ्या वहीप्रमाणे यंदा दोन लाख चाळीस हजारांचा तोटा आहे. वसंतात धुळीची वादळं झाली, गवत उशिरा आलं, घोड्या लवकर आटल्या, बाटल्या भरायच्या यंत्राचं भाडं मात्र पूर्ण द्यावं लागलं. मग हा पैसा आला कुठून? "कुमिस विक्री व इतर" अशी एक ओळ आहे. त्या 'इतर'मध्ये आमच्या बावीस घोड्या उभ्या आहेत. सप्टेंबरअखेर, वरच्या कुरणातून कळप उतरल्यावर, कझाक दलालाला मांसासाठी एक लाख पंधरा हजाराला एक अशा विकल्या, त्या.

विकल्या याचा मला राग नाही. गवताची गंजी चढ्या भावाने घेऊन अठ्ठावन्न घोड्या जगवणं परवडलं नसतं, हे मलाही कळतं. पण घोडी विकली आणि दूध विकलं असं लिहिलं, याचा राग आहे. मी त्याला सांगितलं, बाबा रे, दूध विकून खर्च जाऊन उरतं तो धंद्याचा नफा, महसुली. तो वाट. घोडी विकून येतात त्यातले साठ हजार तर आपलंच मुद्दल, वहीत तिची तेवढीच किंमत आहे. वरचे पंचावन्न हजार नफा आहे, पण भांडवली. तो गंगाजळीत जातो, पुन्हा घोडी घ्यायला. तो वाटला की संघ आपलंच अंग कापून खातो.

म्हणाला, "एजे, पैशाला काय वास असतो? बँकेत दोन्ही एकाच खात्यात पडलेत."

मी सही केली नाही. कागद त्याच्या हातात परत दिला.

१३ ऑक्टोबर

काल लिहायचं राहिलं. आमच्या नियमात अध्यक्षाला नफ्याचा दहावा हिस्सा मिळतो. म्हणजे दोन लाख एकोणतीस हजार. तोटा असेल तर शून्य. आणि याच हिश्श्याच्या भरवशावर त्याच्या दारात ऑगस्टपासून पांढरी मोटार उभी आहे. आता बोला.

१९ ऑक्टोबर

शारशेन आला होता. कळपाचा प्रमुख तो, पासष्टीचा, बायको जाऊन सहा वर्षं झाली. बोलायचं काही नसतं पण येऊन बसतो. आज चहा दोन वाट्या प्यायला, बाहेर जाऊन माझी लाकडं फोडून ठेवली, आणि जाताना उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "बावीसमध्ये सात जणी पहिलटकर होत्या." मी विचारलं, मग दिल्यास कशाला? म्हणाला, अध्यक्षाने कागद दाखवला. मग एकेकीचा रंग सांगत बसला, ती करडी, ती कपाळावर चांदवाली, ती डाव्या पायाने लाथ मारणारी. मला रडू येईल की काय वाटलं म्हणून मी त्याच्यावरच ओरडले, की सगळं झाल्यावर येऊन रंग काय सांगतोस.

दरवर्षी आम्ही चार-पाच म्हाताऱ्या घोड्या काढतो आणि तेवढ्याच शिंगऱ्या कळपात घेतो. ते ठीक. सात पहिलटकर म्हणजे पुढच्या पंधरा उन्हाळ्यांचं दूध.

५ नोव्हेंबर

कुबानिचचे पंचवीस हजार आले. पाच तारीख, पंचवीस हजार, एक सोम इकडे नाही की तिकडे नाही. पूर्वी हाच पोरगा कधी आठ हजार पाठवायचा, कधी एकतीस, कधी दोन महिने कोरडे. मालट्रक स्वतःचा असून हिशोब म्हणून नव्हता. मे महिन्यापासून शहाणा झाला. शेवटी मुलगा कोणाचा? त्या मेदेरबेकला दाखवायला हवी माझी घरची वही, उत्पन्न म्हणजे काय ते कळेल.

याच पैशांतून छपरावर पत्रा घातला. एक लाख चाळीस हजार. गळती बंद, एकही मेंढी विकली नाही.

फोन केला. म्हणाला पाठ दुखते. दिवसभर गाडी चालवून दुसरं काय होणार. म्हटलं, गाडी दाखव जरा, नवे टायर घातलेस म्हणाला होतास. तर गाडी मेकॅनिककडे आहे. गेल्या महिन्यातही मेकॅनिककडेच होती. तिकडे रशियात, चेल्याबिन्स्कचे मेकॅनिकही आमच्या अध्यक्षासारखेच लुटारू दिसतात. मागे नेहमीसारखी ट्रामची घंटा वाजत होती, नीट ऐकू येईना, ठेवला.

९ नोव्हेंबर

दुकानात गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. मेदेरबेकने गावभर सांगून टाकलंय, घरटी साठ हजार मिळणार, फक्त उरुमकान-एजेची सही अडलीये. म्हणजे आता चोर तो नाही, मी. गुलसून धार काढायला वीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर येते, तिने माझ्याशी बोलताना मान वळवली. तिच्या मुलाचं लग्न वसंतात आहे, साठ हजारांत निम्मा मांडव उभा राहतो. मला कळत नाही का? सगळं कळतं. लांडग्याने एक मेंढी नेली तर ही माणसं काठ्या घेऊन धावतात. इथे बावीस घोड्या जाताहेत आणि ताटं घेऊन रांगेत उभी आहेत.

घरी येऊन पोळ्या लाटताना लाटणं इतकं आपटलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.

१६ नोव्हेंबर

कुबानिचसाठी नमद्याची गादी करतेय, गाडीच्या सीटवर टाकायला. लोकर पांढरी, वर लाल शिंगांची नक्षी. पाठीला आराम पडेल. शारशेनचा पुतण्या एर्निस त्याच शहरात असतो, सुट्टीला आलाय, त्याच्याकडून पाठवेन. लोकर बडवताना बरं वाटतं, प्रत्येक फटका अध्यक्षाच्या नावाने.

आज तो पुन्हा आला होता. या वेळी गोड बोलला. म्हणाला, "एजे, तुम्ही मला अंकगणित शिकवलंय, लहानपणी तुमच्या ओसरीवर बसून. तुमच्या हातून माझं वाईट होईल का?" मी म्हटलं, शिकवलं होतं ते बेरीज-वजाबाकी, हातचलाखी तू स्वतः शिकलास. तो हसला नाही. म्हणाला, सभा दोन डिसेंबरला आहे, सभासदांनी ठराव केला तर तुमच्या सहीशिवाय पैसे काढता येतील, नवा हिशोबनीस ठेवता येईल. शहरात संगणकावर करून देतात, स्वस्तात.

एकोणीस वर्षं. ठेव म्हणावं संगणक.

२३ नोव्हेंबर

गादी झाली. शारशेनकडे घेऊन गेले. एर्निस तिथेच होता. मी म्हटलं, कुबानिचच्या गाडीत सीटवर स्वतः घालून दे, नाहीतर तो आळशी, गुंडाळून ठेवेल. एर्निस काकाकडे बघायला लागला. शारशेन गादी हातात धरून नुसताच उभा, जणू कुणी तान्हं मूल दिलंय आणि कसं धरायचं माहीत नाही. मग म्हणाला, "देईल. पोचवेल." दोघांच्याही तोंडाला कुलूप. मला वाटतं मेदेरबेकने त्यांनाही भरवलंय आणि आता मला तोंड दाखवायला लाजतात. शारशेनसुद्धा. बरं आहे. एकटी तर एकटी.

येताना पाय आपटत आले, बर्फात घसरून पडले. गुडघा सुजलाय.

२ डिसेंबर

सभा झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर राग विरून जाईल आणि मग आठवणार नाही कोण काय म्हणालं.

शाळेचा हॉल, चौतीस घरांतून चौतीस माणसं, शिवाय बघे. मेदेरबेकने भाषण केलं. विक्रमी वर्ष, घरटी साठ हजार. टाळ्या. मग मी उठले. मी आकडे वाचले, कुमिस विकून आले एकतीस लाख, खर्च तेहेतीस लाख चाळीस, धंद्यात तोटा. बाकी सगळे घोड्यांचे. मागून कुणीतरी म्हणालं, घोड्याही आमच्याच ना. गुलसून उठली, आणि मला मानावं लागेल, नेमकं बोलली. दरवर्षी म्हाताऱ्या घोड्या विकतो तेव्हा एजे स्वतःच उत्पन्नात धरतात, यंदाच काय झालं? मी सांगितलं, दरवर्षी पाच जातात, पाच येतात, कळप तेवढाच राहतो. यंदा छत्तीस उरल्या. वर गेलेल्या आणि आता उरलेल्या घोड्या मोजायला हिशोबनीस लागत नाही, शारशेनला विचारा.

शारशेन म्हणाला, "छत्तीस." आणि बसला.

मग मी म्हटलं, आणखी एक खूण सांगते, घरी जाऊन तपासा. आपल्याला आजवर काय मिळालं? कधी नऊ हजार, कधी चौदा, कधी सहा. दूध असंच येतं, आज भरपूर, उद्या कमी, दोन दिवस कधी सारखे नाहीत. आता गोल साठ हजार मिळताहेत. आकडा गोल आणि सारखा दिसला की समजा कुणीतरी धार काढत नाहीये, कापून वाटतंय.

हे लागलं. तेव्हा मेदेरबेकने शेवटचं काढलं. म्हणाला, "एजेंना तत्त्वं परवडतात. त्यांना रशियातून दर पाच तारखेला पैसे येतात, डोक्यावर नवा पत्रा आहे. आमचे मुलगे नाहीत तिकडे."

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "हो, येतात. कारण माझा मुलगा कमावतो. विकून खात नाही." आणि लिहून घे म्हटलं इतिवृत्तात, शब्द न् शब्द. सचिवाने लिहून घेतलं. शारशेन मान खाली घालून टोपी पिळत होता. त्याला कसली लाज वाटत होती कोण जाणे.

तेवढ्यात बात्मा-एने उठल्या. त्र्याऐंशीच्या आहेत, दोघांनी धरून उठवलं. त्यांनी विचारलं, साआन म्हणजे काय माहीत आहे का इथल्या पोरांना? ज्याच्याकडे जास्त आहेत तो नात्यातल्या गरिबाला उन्हाळ्यापुरती दुभती घोडी देतो. दूध गरिबाचं, घोडी आणि शिंगरू मालकाचं. मग म्हणाल्या, "माझ्या लहानपणी पलीकडच्या गावात एका घराने टंचाईत साआनाची घोडी कापली. मालक एक शब्द बोलला नाही, दंड मागितला नाही. पण आजोबा गेला, मुलगा गेला, आज नातवंडं आहेत, तरी त्या घराला काय म्हणतात?"

सगळ्यांना माहीत होतं. साआन खाल्लेलं घर. त्या घराशी अजून कुणी सोयरीक करत नाही.

एने म्हणाल्या, "संघ काढला तेव्हा घरटी दोन घोड्या ज्यांनी दिल्या, त्यातले निम्मे कबरीत आहेत. त्यांनी तुम्हाला धार काढायला दिल्यात. काढा. घरटी साठ हजार घेऊन कापणार असाल तर मी माझा वाटा घेत नाही, माझ्या नातीचं लग्न व्हायचंय."

हात वर झाले, एकवीस विरुद्ध तेरा. घोड्यांचा सगळा पैसा वेगळ्या खात्यात, मुद्दल आणि वरचा नफा दोन्ही. वसंतात शिंगऱ्या घ्यायच्या. यंदा वाटप नाही, अध्यक्षाला हिस्सा नाही. गुलसूनने हात वर केला होता, आमच्या बाजूने. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाहेर पडताना ती माझ्याशी बोलली नाही. नसेल बोलायचं तर नको.

मी ताठ मानेने घरी आले. गुडघा दुखत होता तरी.

५ डिसेंबर

पैसे आले. पंचवीस हजार.

घरची वही काढली आणि आकडा लिहिला. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, आणि खाली आजचा. एकाखाली एक आठ ओळी, एखाद्या पोराला शिक्षा म्हणून एकच शब्द लिहायला लावावा तशा. त्याच्या वरच्या पानावर आठ, एकतीस, काही नाही, एकोणीस, बारा.

तीनच दिवसांपूर्वी मी चौतीस माणसांना सांगितलं, आकडा गोल आणि सारखा दिसला की काय समजायचं ते.

आधी वाटलं माझ्या डोक्यात तो मेदेरबेक शिरलाय, सगळीकडे तेच दिसतंय. वही मिटली. भांडी घासली. पुन्हा उघडली. ट्रामची घंटा आठवली. ट्रक चालवणाऱ्याच्या मागे दर वेळी ट्रामची घंटा कशी वाजेल?

फोन लावला. विचारलं, "कुबानिच, तू पाठवतोस ते दूध आहे की घोडी?"

त्याला कळलं नसेल असं मला वाटलं. पण कुरणात वाढलेलं पोर आहे. मग म्हणाला, "घोडी, आपा."

एप्रिलमध्ये माल मिळेनासा झाला, मे महिन्यात ट्रक विकला. तेव्हापासून गोदामात पोती उचलतो. पाठ त्याने दुखते. खोलीत सहा जण. ट्रकचे पैसे बाजूला ठेवून त्यातून मला महिन्याला पंचवीस, म्हणजे मला संशय येणार नाही. त्याला वाटलं होतं वर्षभरात पुन्हा गाडी घेईन आणि मला कधी कळणारच नाही. "अजून तीन महिन्यांचे आहेत," म्हणाला, जणू मला धीर देत होता.

मी त्याला वाट्टेल ते बोलले. खोटारडा म्हटलं, मूर्ख म्हटलं, विचारलं तुला काय वाटलं, पत्रा नसता तर तुझी आई विरघळली असती? तो ऐकत राहिला. शेवटी मी विचारलं, गादी मिळाली का. म्हणाला, "मिळाली. त्यावरच झोपतो. छान आहे."

फोन ठेवला आणि शारशेनकडे गेले. तुला माहीत होतं, म्हटलं. त्याने मान हलवली. जुलैपासून, एर्निसने सांगितलं होतं. मी विचारलं, मग एवढी लाकडं फोडलीस, तोंड उघडता आलं नाही? म्हणाला, "पोराने शपथ घातली होती. आणि तुम्ही फार खूश होतात." मी दार आपटून निघून आले. त्याच्यावर रागावले आहे की नाही, मला समजत नाही. स्वतःवर आहे, ते नक्की. आठ महिने माझ्या पुढ्यात कापलेलं मांस येत होतं आणि मी दूध म्हणून पीत होते, वर पोराच्या शिस्तीचं कौतुक.

६ डिसेंबर

आठही ओळी लाल शाईने खोडल्या. नव्या पानावर लिहिलं, कुबानिचकडून साआन, दोन लाख, परत करायचा. साठ हजार अजून माझ्याकडे आहेत, ते आज परत पाठवले. पत्रा उचकटून विकता येणार नाही, आला तरी कोण घेणार. माझी सही चालते तोवर पगार आहे, त्यातून जाईल.

त्याला निरोप ठेवला. उरलेले तीन महिन्यांचे पैसे कुणाला पाठवायचे नाहीत, आईला तर नाहीच. जमलं तर घरी यावं, शारशेनच्या हाताखाली छत्तीस घोड्यांना माणूस लागतो, पगार थोडा आहे पण दुधाचा आहे.

७ डिसेंबर

रात्रभर एक गोष्ट टोचत होती. सकाळी कार्यालयात गेले. मेदेरबेक एकटाच होता, सभेपासून माझ्याशी बोललेला नाही. पांढरी मोटार दारात दिसली नाही. विकली असेल. विकू दे, ती त्याची स्वतःची होती.

मी म्हटलं, इतिवृत्त काढ, एक नोंद चुकीची आहे. त्याला वाटलं आता मी आणखी काहीतरी खोदून काढणार. चेहरा पडला. मी बोट ठेवलं त्या वाक्यावर, 'माझा मुलगा कमावतो. विकून खात नाही.' हे खोड म्हटलं. मुलगा विकून पाठवत होता, आई खात होती.

मी वाट बघत होते की आता हसेल, आता टोमणा मारेल. माझी तयारी होती, मला तर तेच हवं होतं, कुणावर तरी तुटून पडता आलं असतं. तो हसला नाही. पेन उचललं आणि विचारलं, "त्याच्या जागी काय लिहू, एजे?"

लिही, म्हटलं, उरुमकानच्या घराने साआन खाल्ला.

त्याने लिहिलं. मग थांबून म्हणाला, "पुढे 'नकळत' असं घालू का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. ओसरीवर बसून हातचा एक विसरायचा तोच मुलगा.

"नको," म्हटलं. "वहीत तसा रकाना नसतो."

त्याने कागद माझ्याकडे वळवला. मी सही केली.